१८०, १३५, ९०: ‘पेग’च्या सुईवरच्या तीन रेघा

औषध भरूनच येणारी काचेची सिरिंज. आत अर्धा मिलिलिटर औषध, पाण्यासारखे स्वच्छ, फार तर किंचित पिवळसर. नळीवर तीन रेघा: १८०, १३५ आणि ९०. आकडे मायक्रोग्रॅमचे. दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आणि सीसाठी दिल्या जाणाऱ्या पेगिंटरफेरॉन अल्फा-२एची, म्हणजे ‘पेगासिस’ नावाने विकल्या गेलेल्या औषधाची ही सुई. दवाखान्यात तिला नुसते ‘पेग’ म्हणतात. यकृताच्या रुग्णाला दारू वर्ज्य असते आणि त्यालाच डॉक्टर ‘पेग सुरू करू’ म्हणतात. हा विनोद एकेकाळी बाह्यरुग्ण विभागात रोज व्हायचा.

१८० म्हणजे पूर्ण डोस, आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. खालच्या दोन रेघा रक्ताच्या रिपोर्टवर चालतात. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७५० च्या खाली गेले की १३५. प्लेटलेट ५० हजारांखाली घसरल्या की ९०. न्यूट्रोफिल ५०० च्या किंवा प्लेटलेट २५ हजारांच्या खाली गेल्या तर सुई बंद. म्हणजे हातात सुई धरण्याआधी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात हवा. ‘सुरक्षित वापर’ म्हटले की लोकांना स्पिरिटचा बोळा आणि सुईची विल्हेवाट आठवते. या औषधाच्या बाबतीत तो भाग सगळ्यात सोपा होता.

इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनमध्ये सापडले. विषाणूच्या कामात अडथळा आणणारा पदार्थ, म्हणून ते नाव. सत्तरच्या दशकात फिनलंडमध्ये रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून ते थोडेथोडे काढले जाई. १९८० मध्ये त्याचे जनुक जिवाणूत घालता आले आणि औषध कारखान्यात तयार होऊ लागले. अमेरिकेत पहिली परवानगी १९८६ मध्ये मिळाली, तीही एका दुर्मीळ रक्तकर्करोगासाठी. त्याच वर्षी ‘नॉन-ए, नॉन-बी’ अशा नकारार्थी नावाच्या यकृतदाहाच्या दहा रुग्णांवर ते वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या विषाणूवर उपचार चालला होता तो सापडला १९८९ मध्ये. सीसाठी परवानगी १९९१ ची, बीसाठी १९९२ ची.

त्या जुन्या इंटरफेरॉनचा डोस सीसाठी ३० लाख युनिट, आठवड्यातून तीनदा. बीसाठी याहून कितीतरी जास्त. सुईनंतर काही तासांत थंडी वाजून ताप, अंग ठेचून निघाल्यासारखे दुखणे. म्हणून रात्री झोपण्याआधी सुई आणि सोबत पॅरासिटामॉल असा रिवाज पडला. पुढे आठवड्याची सुई आली तेव्हा नोकरदारांनी शुक्रवारची रात्र धरली, कारण शनिवार-रविवार अंथरुणात काढता येई. एवढे सोसून एकट्या इंटरफेरॉनने सी आटोक्यात येणारे रुग्ण थोडेच. १९९८ मध्ये रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली आणि आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचला.

रिबाव्हिरिनने तपासण्यांची यादी लांबवली. या गोळ्या तांबड्या पेशी फोडतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की गोळ्या कमी करायच्या, ८.५ च्या खाली बंद. थॅलेसेमियाच्या मुलांना त्या निषिद्ध, आणि नेमक्या याच मुलांना रक्त चढवताना सीची लागण झालेली. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची सीसाठी सक्तीची तपासणी २००१ पासूनची आहे, त्याआधी चढवलेल्या बाटल्यांचा हिशोब कोण देणार? गर्भावर घातक परिणाम होतो, म्हणून उपचारभर आणि नंतर सहा महिने गर्भधारणा टाळायची, आणि रुग्ण पुरुष असला तरी हा नियम त्याच्या बायकोलाही लागू. नवऱ्याच्या औषधाची ही अट सुनेला समजावून सांगायला सासूसमोर कुणी धजावत नसे. एचआयव्हीही असलेल्यांची गोष्ट आणखी अवघड. डिडॅनोसिन या एचआयव्हीच्या औषधाबरोबर रिबाव्हिरिन जिवावर बेतणारे, आणि झिडोव्हुडिन या दुसऱ्या औषधाबरोबर दिले तर रक्तक्षय जास्त व्हायचा.

पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ‘पेग’, हा रेणू इंटरफेरॉनला जोडला की मूत्रपिंड त्याला लवकर बाहेर टाकू शकत नाही आणि औषध आठवडाभर रक्तात टिकते. अमेरिकेत असे पेग जोडलेले अल्फा-२बी २००१ मध्ये आले, अल्फा-२ए २००२ मध्ये. इथे एक गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत मिटलेला नाही. दोन्हींना बोलताना ‘पेग’च म्हणतात. पण २एचा डोस सगळ्या मोठ्यांना सरसकट १८०, आणि २बीचा वजनावर, सीसाठी किलोमागे १.५ मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला २बी ७५ मायक्रोग्रॅम बसते. तिच्या चिठ्ठीवर नुसते ‘पेग १८०’ लिहिले आणि मेडिकलवाल्याने २बीची कुपी दिली, तर दुपटीहून जास्त औषध अंगात जाईल. जुने इंटरफेरॉन युनिटमध्ये, नवे मायक्रोग्रॅममध्ये, हा तिसरा फाटा. नाव एक, औषधे तीन, मोजमापे दोन. तीन रेघांची सिरिंज फक्त २एची. २बीच्या अनेक कुपीत पूड असे, ती सोबतच्या पाण्यात विरघळवून, न हलवता, हलके फिरवून काढायची. हलवले की फेस येतो आणि प्रथिन बिघडते.

आता पेटंटचे प्रकरण. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही, तरी भारतात ही सुई कोण सुरक्षितपणे घेऊ शकतो हे बऱ्याच अंशी त्यानेच ठरवले.

औषधांच्या उत्पादनावरची पेटंटे आपल्याकडे १ जानेवारी २००५ पासून सुरू झाली. त्या नव्या व्यवस्थेत औषधाला मिळालेले पहिले पेटंट याच सुईचे होते, २००६ मधले, चेन्नईच्या कार्यालयातून एका स्विस कंपनीला दिलेले. सहा महिन्यांच्या उपचाराचा खर्च चार लाखांच्या वर. भारतात सीच्या विषाणूचा जीनोटाइप ३ हा प्रकार जास्त, त्याला २४ आठवडे पुरत. ज्यांना १ किंवा ४ निघे त्यांना ४८. कायद्यात पेटंट मिळण्याआधी ‘कोणीही’ हरकत घेऊ शकतो. मिळाल्यानंतर मात्र एका वर्षाच्या आत आणि फक्त ‘हितसंबंधी व्यक्ती’. ही हरकत घेतली मुंबईत व्यसनाधीन लोकांमध्ये, विशेषतः सुईने नशा करणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये सी किती पसरला होता हे मुंबईच्या रस्त्यावर काम करणाऱ्याला जसे दिसत होते तसेच मणिपूरमध्येही.

कंपनीचे म्हणणे असे की ही संस्था हितसंबंधी नाहीच. ती औषध बनवत नाही, संशोधन करत नाही, तिचा या शोधाशी संबंध काय? व्याख्येतले शब्द खरोखरच गोंधळाचे आहेत. त्या क्षेत्रात संशोधन करणारा किंवा संशोधनाला चालना देणारा यात ‘समाविष्ट’ आहे, इतकेच कायदा सांगतो. ‘समाविष्ट’ म्हणजे तेवढेच, की तेही? २००९ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने हरकत फेटाळली. २ नोव्हेंबर २०१२ ला अपील मंडळाने उलटा निकाल दिला. समाविष्ट म्हणजे तेही, आणि ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांना हे औषध लागते म्हणजे तिचा हितसंबंध आहे, असा त्याचा अर्थ. पेटंट रद्द झाले. प्रथिनाला पेग जोडण्याची युक्ती तज्ज्ञांना आधीच ठाऊक होती, म्हणजे त्यात शोध नव्हता, हे मुख्य कारण. शिवाय जुन्या औषधापेक्षा हे गुणाने सरस असल्याचा पुरावा समोर आला नाही, असेही मंडळाने म्हटले.

हे दुसरे कारण वाचून यकृततज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. रिबाव्हिरिनसोबत नव्या सुईने ५६ टक्के रुग्णांत विषाणू निघून गेला, जुन्या सुईने ४४ टक्क्यांत, हा मोठा अभ्यास २००२ मध्येच छापून आला होता. पण कायद्याचा प्रश्न वेगळा असतो. पेटंटच्या दाव्यात जे मागितले, त्यासाठी दाखल कागदांत काय दाखवले? आठवड्याला तीनऐवजी एक सुई, ही सोय. सोय म्हणजे गुणकारीपणा का, हा वाद आपल्याकडे त्या काळात सगळीकडे चालू होता. पुढल्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तकर्करोगाच्या एका गोळीच्या खटल्यात गुणकारीपणा म्हणजे रोगावरचा गुण, असा अर्थ पक्का केला. माझ्या मते मुंबईच्या संस्थेच्या निकालाचे मोठेपण मात्र या मुद्द्यात नाही. आजारी माणसाच्या बाजूने उभा राहणारा पेटंटच्या भांडणात ‘परका’ नाही, हे त्यात प्रथमच ठरले, आणि वर्तमानपत्रांनी ती ओळ सातव्या-आठव्या परिच्छेदात ढकलली.

किंमत आणि सुरक्षितता यांचा संबंध पैसे मोजणाऱ्याला लगेच कळतो. उधारीवर घेतलेली सुई चालू असताना दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याचे रक्त, दर बारा आठवड्यांनी थायरॉइडसाठी टीएसएच, सुरुवातीला डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, हे सगळे आधी कापले जाते. प्लेटलेट किती हे माहीत नसताना १८० च्या रेघेपर्यंत दट्ट्या दाबला जातो. थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे घालून त्यावर सुई ठेवून रात्रीच्या एसटीने गावी नेणारे होते. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, पण गोठले की वाया जाते, आणि बर्फाला थेट टेकलेली काच सहज गोठते. पेटी, वर्तमानपत्राची गुंडाळी, मग आइस पॅक, हा क्रम शिकवायला दहा मिनिटे लागत. पंधरा-वीस हजारांची एक सुई फुकट गेली की पुढच्या आठवड्याची दांडी ठरलेली.

मनाचे दुखणे तर कुठल्याच रिपोर्टात येत नाही. अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर चौकटीत सगळ्यात आधी लिहिलेला इशारा मानसिक विकारांचा आहे. त्यात नैराश्य आले, आत्महत्येचे विचारही आले. चिडचिड, झोप उडणे, कशातच लक्ष नसणे याला घरात ‘आजाराने वैतागलाय’ म्हटले जाई. नशा सुटून काही महिनेच झालेल्यांना ही सुई देताना डॉक्टर कचरत. त्यात काळजी किती आणि तिटकारा किती, हे वेगळे करणे कठीण होते. मुंबईच्या संस्थेची लढाई ज्यांच्या नावाने लढली गेली त्यातल्या बऱ्याच जणांना पेटंट गेल्यावरही सुई मिळाली नसावी, असे मला वाटते.

निकालाच्या आधीच, २०११ मध्ये, अहमदाबादच्या एका कंपनीने स्वतःचे अल्फा-२बी बाजारात आणले होते. अशा समरूप जैविक औषधांची, म्हणजे मूळ जैविक औषधाच्या देशी प्रतींची, नियमावली २०१२ ची. २०१३ मध्ये पेगिंटरफेरॉन जागतिक अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेले. इतक्या धडपडीने मोकळे झालेले औषध सीपुरते त्याच वर्षी म्हातारे झाले, कारण डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता दिली. २०१५ पासून तिच्या देशी गोळ्या आपल्याकडे मिळू लागल्या. बारा आठवडे, ताप नाही, फ्रीज नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीसाठी याच गोळ्या मोफत आहेत.

बीमध्ये सुई उरली आहे, पण कोपऱ्यात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोजची गोळी बहुतेकांना पुरते, फक्त ती वर्षानुवर्षे चालते. सुई ४८ आठवड्यांत संपते आणि थोड्या जणांत विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रतिजन, म्हणजे रक्तातली त्याची खूण, कायमचे घालवते, हे तिचे आकर्षण. यकृत आधीच हरलेले असेल, पोटात पाणी झाले असेल, तर ती द्यायचीच नाही, कारण सुईने उसळणारा दाह ते यकृत पेलत नाही. बीच्या पाठीवर बसून येणाऱ्या हिपॅटायटिस डीसाठी युरोपने २०२० मध्ये वेगळे औषध सशर्त मंजूर केले, तोवर पेगशिवाय हाताशी फारसे काही नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये दोन बातम्या जवळपास तीन आठवड्यांच्या अंतराने आल्या. ज्या अपील मंडळाने हे पेटंट रद्द केले होते, ते अध्यादेशाने मोडीत निघाले. आणि अल्फा-२बीच्या एका डोसला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी मर्यादित परवानगी मिळाली. त्या आठवड्यात मेडिकलच्या दुकानांत फोनवर ‘पेग आहे का’ विचारणाऱ्यांपैकी कुणालाच हिपॅटायटिस नव्हता, आणि सीबीसी कधी केली होती हे विचारायला पलीकडच्या माणसाला वेळ नव्हता.