१९९ डॉलरचा फोन आणि करार मोडण्याचा दंड

२२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आयफोन ३जी विकायला काढला, तेव्हा ८ जीबीच्या फोनला ३१,००० रुपये पडत होते. अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास. इकडे लूट चालली आहे अशी ओरड झाली. पण त्या १९९ डॉलरच्या मागे एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीचा दोन वर्षांचा करार होता, आणि तो मध्येच मोडला तर १७५ डॉलरपर्यंत दंड. न्यू जर्सीच्या भाच्याने आणलेला फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असल्याने इथलं सिम घेत नसे आणि मुंबईच्या मनीष मार्केट किंवा हिरा पन्नातून ‘अनलॉक’ करून आणावा लागे, त्याचं मूळही याच व्यवहारात.

कंपन्यांचं म्हणणं असं, की हँडसेटमागे आम्ही पदरचे पैसे घालतो. ते महिन्याच्या बिलातून वसूल व्हायच्या आत ग्राहक निघून गेला तर तोटा कुणी सोसायचा? ऐकायला पटतं. पण बरीच वर्षं हा दंड सरसकट एकच असे. पहिल्या महिन्यात सोडा की तेविसाव्या, रक्कम तीच. २००७ चा पहिला आयफोन तर ४९९ आणि ५९९ डॉलरला विकला गेला, सवलत न देता. तरीही दोन वर्षांचा करार आणि दंड होताच! मग वसुली नेमकी कशाची? नोव्हेंबर २००३ पासून अमेरिकेत नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली होती. ग्राहकाला धरून ठेवायला दंडाइतकं हुकमी साधन दुसरं उरलं नव्हतं.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं. स्प्रिंट या मोबाइल कंपनीने दंडाची रक्कम ठरवताना खऱ्या नुकसानीचा अंदाज बांधलाच नव्हता, असं सांगून न्यायालयाने १ कोटी ८२ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचा आदेश दिला. (आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ ही याच अंगाने जातं: करारात आकडा काहीही लिहा, भरपाई वाजवी तेवढीच.)

तरी नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या मोबाइल कंपनीने स्मार्टफोनवरचा दंड दुप्पट करून ३५० डॉलर केला. दर महिन्याला त्यातले १० डॉलर कमी होणार. म्हणजे २३ महिने इमानेइतबारे बिल भरून शेवटच्या महिन्यात सोडलं तरी १२० डॉलर उरतातच. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने खुलासा मागवला, तेव्हा कंपनीच्या उत्तरात जाहिराती, विक्रेत्यांचं कमिशन आणि दुकानांचा खर्चही या दंडात धरलेला निघाला.

आपल्याकडे हा प्रकार रुजला नाही, त्याचं श्रेय मी कायद्यापेक्षा प्रीपेडला देईन. प्रयोग मात्र झाला होता. जुलै २००३ च्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत रिलायन्स इन्फोकॉम ५०१ रुपये भरले की हँडसेट हातात देत असे, बाकीचे पैसे हप्त्याने. सीडीएमए तंत्राचे फोन, त्यात सिम बदलायची सोयच नाही. लोकांनी उड्या टाकल्या आणि पुढे अनेकांनी बिलं भरणंच सोडून दिलं. थकबाकी वसूल करताना कंपनीच्या नाकी नऊ आले. फोन दुकानातून रोखीने किंवा ईएमआयवर, रिचार्ज वेगळं, हीच रीत पक्की झाली. २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्ट करायची सोय आली, तेव्हा शुल्क होतं १९ रुपये. त्याच कंपनीत ९० दिवस काढलेले असावेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं, हे मुख्यतः बघितलं जाई.

अमेरिकेत टी-मोबाइल या कंपनीने मार्च २०१३ मध्ये फोनची किंमत आणि सेवेचं बिल वेगळं केलं. पुढच्या जानेवारीत तर दुसऱ्या कंपनीचा दंड भरून ग्राहक ओढायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये एटी अँड टीनेही दोन वर्षांचे करार बंद केले. पुढे ‘फुकट’ फोन येऊ लागला तो ३६ महिन्यांच्या क्रेडिटवर, म्हणजे बिलातल्या वजावटीवर. ८०० डॉलरचा फोन असेल तर बिलात महिन्याला साधारण २२ डॉलर लागतात आणि तेवढेच वजा होतात. वर्षभराने कंपनी सोडली की वजावट थांबते आणि उरलेले ५३३ डॉलर एकदम भरावे लागतात. व्हेरायझनच्या ३५० पेक्षा हा आकडा मोठा आहे, पण बिलावर तो फोनची उरलेली किंमत म्हणून येतो, त्यामुळे त्यावर फारशी ओरड होत नाही.