झऱ्याचं पाणी नितळ, म्हणून शुद्ध?

वाहतं पाणी शुद्धच, म्हणून वाटेत झरा दिसला की बाटली भरायची, हा समज जुना आणि चुकीचा. नितळ म्हणजे गाळ नाही, एवढंच. जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. वाळूतून झिरपलेलं पाणी बरंच गाळलं जातं, चुनखडीच्या भेगांतून आलेलं जवळपास न गाळताच बाहेर पडतं. पावसानंतर झरा गढूळतो? मग वरचं पाणी आत शिरतंय, तो सोडाच.

भरायचंच तर उगमाच्या तोंडाशी. खालच्या डबक्यात बाटली बुडवू नका. फडक्यातून गाळून खळखळ १ मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी दाद देत नाही. खतांतून येणारं नायट्रेट, खडक-खाणींतून येणारं विषारी आर्सेनिक तर उकळूनही जात नाहीत. म्हणून शेताच्या उताराखालचा किंवा खाणीजवळचा झरा पिण्यासाठी नाहीच.