पिल्लाला सुई टोचण्याआधी नमुना घ्या
परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर भागातील वराहपालक ग्राहकांसाठी आमच्या प्रयोगशाळेचे माहितीपत्रक

डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला ती वारेतून मिळतात. डुकरीच्या वारेची रचना वेगळी असल्यामुळे ती पलीकडे जात नाहीत. म्हणून पिल्लाला जे मिळायचे ते चिकातूनच, आणि तेही वेळेत. चिकातली प्रतिद्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर २४ ते ३६ तासांत संपते. पहिल्या ६ तासांत ती सर्वांत जास्त असते. त्या वेळेत चीक कमी पडला, तर नाळेतून, सिमेंटवर घासलेल्या गुडघ्यातून, दात किंवा शेपटी कापलेल्या जागेतून शिरलेला जंतू रक्तात पोचतो आणि तिथे त्याला अडवायला कोणी नसते. रक्तातल्या या जंतुसंसर्गाला डॉक्टर सेप्टिसेमिया म्हणतात.

पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा ई. कोलाय सापडतो, काही वेळा क्लेबसिएला. सांधे सुजलेले, मान मागे ताणलेली, आडवे पडून पाय मारणारे पिल्लू असेल तर संशय स्ट्रेप्टोकोकस सुईसवर जातो. दूध तोडल्यानंतर ताप, खोकला, सुजलेले सांधे आणि पोटात-छातीत पांढरी जाळी दिसली तर ग्लेसरेला पॅरासुइस. डॉक्टर पूर्वी त्याला हिमोफिलस म्हणत. कान आणि पोटाची कातडी जांभळी पडणे हे यांतल्या कोणत्याही जंतूमुळे होऊ शकते, म्हणून नुसते पाहून औषध ठरवू नका.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. पिल्लांबरोबर मोठी जनावरेही तापाने पडत असतील, कातडी जांभळी होत असेल आणि मरतूक थांबत नसेल, तर तो स्वाइन फीवर असू शकतो. साधा असो की आफ्रिकन, तो विषाणूचा आजार आहे आणि अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. अशा वेळी मेलेले जनावर फाडू नका, विकू नका, आमच्याकडेही आणू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

नमुना कसा घ्यायचा

अँटिबायोटिकची पहिली सुई टोचली की रक्तातले जंतू दबतात. आजार राहतो, पण आमच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या बशीत, काहीच उगवत नाही, आणि अहवालात ‘वाढ नाही’ असे लिहावे लागते. म्हणून आधी नमुना, मग औषध. त्यासाठी डॉक्टरांना उपचार थांबवावे लागत नाहीत. नमुना घेऊन लगेच सुई देता येते.

जिवंत पिल्लाचे रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्या. कातडी आधी धुऊन पुसावी, मग ७० टक्के स्पिरिट लावून ते वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली तर कातडीवरचे जंतू बाटलीत येतात. आमच्या संचातली लहान बाटली वापरा, २ मिली रक्त पुरते. ही बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

मेलेले पिल्लू आणायचे असेल तर नुकतेच मेलेले आणि औषध न दिलेले निवडा. एकाऐवजी दोन-तीन असतील तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ अंशांवर असतो, तेव्हा सावलीत ठेवलेले पिल्लूही चार-पाच तासांत सडू लागते. आतड्यातले जंतू सगळ्या अवयवांत पसरतात आणि प्लेटवर तीन-चार प्रकार एकदम उगवतात. त्यातला खरा मारेकरी कोण हे मग सांगता येत नाही. पिल्लू दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसह आणा. डीप फ्रीजरमध्ये गोठवू नका, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका.

सोबत चिठ्ठी लिहा: पिल्लांचे वय, एका वेतातली किती आजारी, किती मेली, मादीला ताप आहे का, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि तारीख. सांधे सुजले असतील तर ते ठळक लिहा. ग्लेसरेला साध्या प्लेटवर उगवत नाही, त्याच्यासाठी वेगळे माध्यम लावावे लागते आणि ते आधी माहीत असावे लागते.

पिल्लू हाताळताना हातमोजे घाला. स्ट्रेप्टोकोकस सुईस हाताच्या जखमेतून माणसाला लागतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात आजारी डुकरे कापणाऱ्या, हाताळणाऱ्या दोनशेहून अधिक लोकांना त्याची लागण झाली आणि त्यांतले अनेक दगावले.

अहवाल कसा वाचायचा

पहिल्या दिवशी नमुना प्लेटवर लागतो, दुसऱ्या दिवशी जंतू ओळखला जातो आणि त्याच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतो. तिसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जंतू न उगवलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते मोजतो. अहवालात ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. रक्ताच्या बाटलीला याहून एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. अहवाल येईपर्यंतचे औषध डॉक्टर मागच्या अहवालांवरून ठरवतात. जुने अहवाल जपून ठेवा, तुमच्या गोठ्यात कोणता जंतू मुरला आहे ते त्यांतूनच कळते.

‘एस’ आलेले औषध देऊनही पिल्लू मेले, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असते. पहिले, औषध तोंडाने दिले. निओमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधे आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जातच नाहीत. हगवणीत ती तिथल्या जंतूवर चालतील, रक्तातल्या जंतूपर्यंत पोचणार नाहीत. दुसरे, उशीर झाला. ई. कोलाय मरतानाही त्याच्या भिंतीतले विष रक्तात सुटते, आणि थंड पडलेल्या पिल्लाला ते पेलत नाही. तिसरे, मात्रा अंदाजाने दिली.

मात्रेचा हिशेब उदाहरणाने सांगतो, आकडे तुमच्या डॉक्टरांचे घ्या. मात्रा किलोला १० मिग्रॅ, बाटलीत १ मिलीत ५० मिग्रॅ, पिल्लू १.५ किलोचे. लागणारे औषध १५ मिग्रॅ, म्हणजे ०.३ मिली. ५ मिलीच्या सिरिंजवर हा आकडा धड दिसत नाही. १ मिलीची सिरिंज घ्या. इन्सुलिनची नको, तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि चूक होते. सुई कानामागे मानेत द्या, मांडीत नको.

जंतू औषधाला दाद का देईनासा होतो

औषधाने कच्चे जंतू मरतात, तग धरणारे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. अर्धी मात्रा, दोन दिवसांत बंद केलेला कोर्स, खाद्यात रोज मिसळलेली पूड, या तिन्हींनी ही निवड आपणच करत असतो. त्यातही घातक हे की जंतू एकमेकांना ही क्षमता देतात. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ही औषधे तोडणारे विकर (एन्झाइम) बनवण्याची जनुके जंतूतल्या डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असतात. हे कडे ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडे जाऊ शकते, आणि डुकराच्या आतड्यातून गोठ्यात काम करणाऱ्या माणसाच्या आतड्यातही.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे हेच झाले. त्याला निकामी करणारे, असे हस्तांतरित होणारे जनुक चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. माणसाच्या अतिदक्षता विभागातले हे शेवटच्या फळीतले औषध आहे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. कोणी अजूनही ते ‘वाढीची पूड’ म्हणून देऊ करत असेल तर घेऊ नका.

काही औषधे काही जंतूंवर मुळातच चालत नाहीत. साधे पेनिसिलिन ई. कोलायवर नाही, टायलोसिन ई. कोलायवर नाही, ॲम्पिसिलिन क्लेबसिएलावर नाही. तिथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. सेफ्ट्रिॲक्सोन, सेफ्टिओफर आणि एन्रोफ्लोक्सॅसिन ही पहिली सुई म्हणून वापरू नयेत असे आमचे ठाम मत आहे. अहवालात दुसरा पर्यायच नसेल तेव्हाच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्या.

बाटलीपेक्षा जास्त पिल्ले वाचवणारे काम

विण्याच्या वेळी माणूस हजर हवा. प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवसात २०० ते २५० ग्रॅम चीक मिळायला हवा. वेत मोठे असेल तर आधी पोट भरलेली मोठी पिल्ले तासभर उबदार खोक्यात ठेवा आणि तेवढ्यात बारीक पिल्लांना पाजा. पिल्ले दुसऱ्या मादीकडे लावायची असतील तर आधी आपल्या आईचा चीक पोटभर पिऊ द्या.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. नवजात पिल्लाला मात्र ३२ ते ३४ अंश लागतात. गारठलेले पिल्लू सडाला तोंडच लावत नाही. कोपऱ्यात दिवा, खाली कोरडा भुसा किंवा पोते, वाऱ्याकडून पडदा. पिल्ले एकमेकांवर चढून झोपली असतील तर ऊब कमी आहे, दिव्यापासून लांब पांगली असतील तर जास्त.

नाळ साधारण दोन इंच ठेवून निर्जंतुक कात्रीने कापा आणि आयोडीनच्या द्रावणात बुडवा. नुसता फवारा पुरत नाही. दात कापायची कात्री प्रत्येक पिल्लानंतर जंतुनाशकात बुडवा. लोहाची सुई तिसऱ्या दिवशी, २०० मिग्रॅ. आजारी पिल्लाला ती देऊ नका, कारण मोकळे लोह जंतूंनाही पोसते.

टँकरच्या दिवसांत पहिली काटछाट मादीच्या पाण्यात होते, आणि दूध तिथेच आटते. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागते. काटकसर करायचीच तर ती धुण्याच्या पाण्यात करा: आधी कोरडे शेण खरडून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि नंतरच जंतुनाशक मारा. शेणावर मारलेले जंतुनाशक शेणातच जिरते.

औषधाची नोंद वहीत ठेवा: जनावर, औषध, मात्रा, तारीख. बाटलीवर मांसासाठी थांबायचा काळ छापलेला नसेल तर नियमानुसार तो किमान २८ दिवस धरावा. त्याआधी ते जनावर कत्तलीसाठी विकू नका.