दात हिरडी फाडून येत नाही

माझ्या भाचीला आठव्या महिन्यात पहिला दात आला आणि तोही वरचा. लालबागला ताईकडे बघायला गेलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, वरचा आधी आला म्हणजे मामावर जड. मामा मीच. ताई रडवेली झाली, म्हणून हे लिहितोय.

खालचे मधले दोन दात साधारण ६ ते १० महिन्यांत दिसतात, वरचे मधले ८ ते १२ मध्ये, म्हणजे एखाद्या बाळाचे वरचे आधी आले तर त्यात काहीच विशेष नाही, मामाचा तर संबंधच नाही. मग बाजूचे दात, वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, मग सुळे, आणि शेवटच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत, असे तीन वर्षांच्या आत सगळे २० दुधाचे दात येतात.

पण मला खरं सांगायचंय ते दात वर येतो कसा. आपल्याला वाटतं तो खालून रेटा देत हाड, हिरडी फाडत येतो. तसं नाहीये. जबड्याच्या हाडात प्रत्येक दाताभोवती एक पातळ पिशवी असते, फॉलिकल म्हणतात तिला, आणि सगळी सूत्रं तिच्या हातात. ती सीएसएफ-१ सारखी प्रोटीन सोडून रक्तातल्या काही पेशींना बोलावते, त्या एकमेकींत मिसळून हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी होतात, त्यासाठी रँकएल हा सिग्नल लागतो आणि त्याला अडवून धरणारं ओपीजी नावाचं प्रोटीन त्या वेळी कमी व्हावं लागतं. दाताच्या वरचं हाड असं विरघळतं आणि त्याच वेळी खालच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. १९८० च्या दशकात काहिल आणि मार्क्स या संशोधकांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. फॉलिकल काढून टाकलं तर दात जागचा हललाच नाही, पण फॉलिकल ठेवून आतला दात काढला आणि तिथे धातूचा नकली दात बसवला तर तो धातूचा तुकडा चक्क वर आला! मला हे वाचून रात्रभर झोप नव्हती.

शेवटी हिरडीत सुद्धा दाताच्या टोकावरचं पेशींचं आवरण हिरडीच्या आवरणाला जुळतं, मधल्या पेशी मरतात आणि वाट होते, म्हणून सहसा रक्त येत नाही.

हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ चिडचिड करतं, हे खरं. पण १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप किंवा जुलाब झाले तर ‘दात येतायत’ म्हणून घरी बसू नका, डॉक्टरकडे न्या. सहा महिन्यांच्या आसपास आईकडून मिळालेल्या अँटीबॉडीज कमी होतात आणि बाळ दिसेल ते तोंडात घालतं, इन्फेक्शन होतं ते त्यामुळे. ताईला सांगितलंय, स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला दे, बेंझोकेनचं बधिर करणारं जेल अजिबात नको, त्याने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते. आणि आलेला दात आत्तापासूनच रोज मऊ ब्रशने साफ कर.