माहितीचा ढीग आणि यादीत नसलेले एक नाव

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची धांदल सरली की निर्यातीच्या बागांच्या नोंदणीची लगबग सुरू होते. गट नंबर, क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख, कोणती फवारणी कधी केली याची वही. काढणीआधी बागेतून नमुना प्रयोगशाळेत जातो आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या कीडनाशकांच्या अंशांचा अहवाल पास झाला तरच माल पॅकहाउसला लागतो. एवढी लिखापढी नाशिकच्या अंगवळणी कशी पडली, हे पाहायला दोन दशके मागे जावे लागते.

२००३ च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. कोणत्या बागेतला माल कोणत्या पेटीत गेला हे खात्रीने सांगायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे एकाची चूक सगळ्यांना भोवायची. मग अंश तपासणीचा राष्ट्रीय आराखडा आला. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या 'अपेडा' या संस्थेने 'ग्रेपनेट' ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. परदेशातली पेटी थेट बागेपर्यंत मागे नेता येऊ लागली. नमुना नापास झाला तर ती एक बाग वगळायची, बाकीच्यांचा माल चालू ठेवायचा. माहितीने द्राक्षधंद्याला दिलेले हे सगळ्यात मोठे बळ आहे, असे मला वाटते.

आणि तरीही २०१० उजाडले. अहवाल पास झालेली द्राक्षे युरोपात अडकली, कारण तिथल्या प्रयोगशाळांना त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. आपल्याकडे ते 'सीसीसी' किंवा 'लिहोसीन' म्हणून घराघरात माहीत होते. फुटींचा जोम आवरायला ते सर्रास वापरले जाई. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. वह्या भरलेल्या, शिक्के बसलेले, पण जो प्रश्न विचारायचा तोच कोणी विचारला नव्हता. त्या हंगामात निर्यातदार आणि बागायतदार दोघेही होरपळले. पुढे सीसीसी यादीत आले. माहिती वाढते तसे लक्ष आटत जाते, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्याला कर्ज काढून कळला.

कांद्याची गोष्ट वेगळी. एकेकाळी लासलगावचा भाव गावात पोहोचायचा तो बाजारातून परतलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडून, नाहीतर आकाशवाणीवरून. ज्या व्यापाऱ्याकडे फोन, त्याच्याकडे फायदा. २००० मध्ये बाजारभाव दाखवणारे सरकारी संकेतस्थळ 'अॅगमार्कनेट' आले, मग मोबाइल, आणि आता ट्रॉली कांदाचाळीतून हलण्याआधीच सकाळच्या लिलावाचा भाव हातात असतो. शेतकऱ्यासाठी हे चांगलेच झाले. पण आवक आणि भावाचे तेच आकडे दिल्लीतही दिसतात. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात थेट बंदी आली, आणि दोन्ही वेळा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. अशा दिवसांत ग्रुपवर फिरणाऱ्या दहा संदेशांतला खरा कोणता, हे ठरवण्याची जबाबदारी बहुतेक संस्थांत कोणावरच सोपवलेली नसते.

माहितीचा तिसरा टप्पा आता सुरू होतो आहे, आणि मला सर्वाधिक काळजी त्याची वाटते. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गट सभासदांचे सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो गोळा करतात. पुष्कळदा ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये, व्हॉट्सअॅपवर पडून असतात. तो नोकरी सोडतो, फोन त्याच्याबरोबर जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कशासाठी हवी ते सांगून माहिती घ्यायची, नीट सांभाळायची आणि काम संपले की पुसायची, असे तो सांगतो. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. २०२७ च्या ऑक्टोबर छाटणीनंतर जे फोटो गोळा होतील, ते या कायद्याखाली.