काळी एक, पांढरी दोन आणि एक चंदेरी तबकडी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं काही काम नसतं. खिडकीत कूलर, ओढलेले पडदे आणि टीव्हीखालच्या खोक्यातून बाहेर काढलेल्या जुन्या डीव्हीड्या. आमच्या महाल भागातल्या घरी अशा दुपारी शेजारचे काकाजी हक्कानं येतात, आणि येताना पेटी घेऊन येतात. सारा जन्म भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. टीव्हीवर कोणी गायला लागलं की यांची बोटं गप्प बसत नाहीत.

त्या दिवशी एका जुन्या गायकावरचा माहितीपट लावला होता. काकाजींनी सवयीनं काळी एकवर बोट ठेवलं. मग पांढरी दोनवर. मग भाता सोडूनच दिला. म्हणाले, "हे बुवा जन्मभर काळी एकमध्ये गायले. इथं काहून वर चढून राहिले? अन् चढले तर पूर्ण चढावं ना, मधातच लटकले."

माझा पहिला संशय उन्हावर गेला. ती तबकडी मागचे तीन उन्हाळे पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात होती, शिवाय तिच्यावर दोन-चार ओरखडे. तबकडी वाकली असेल, फिरण्याचा वेग बदलला असेल, म्हणून सूर चढला. कॅसेटच्या काळात वाढलेल्या माणसाला हेच सुचणार. कॅसेटमध्ये सूर आणि वेग एकमेकांना बांधलेले असत. प्लेअरचा पट्टा सैल झाला की लताबाईसुद्धा जडावलेल्या ऐकू यायच्या.

तबकडीचं तसं नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला येईपर्यंत सुमारे २०० वर उतरते. मोटरच्या वेगावर सूर ठरत असता, तर पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं यांत सप्तकाहून जास्त फरक पडला असता. पण वाचलेले आकडे आधी एका छोट्या स्मृतीत साठतात आणि तिथून क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडले जातात: सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा, डीव्हीडीत बहुधा ४८,००० वेळा. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं. टाकी रिकामी पडली नाही तर खालच्या तोटीला काही कळत नाही. मोटरचं काम फक्त टाकी भरती ठेवायचं.

आणि ऊन? तबकडी पॉलिकार्बोनेटची असते. ते मऊ पडायला १४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. नागपूरचं ऊन त्याला शंभर अंशांनी कमी पडतं. (घरी कॉम्प्युटरवर 'बर्न' केलेल्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत कारखान्यात छापलेल्या तबकडीसारखे माहितीचे बारीक खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरनं त्यावर डाग पाडलेले असतात. उष्णता आणि उजेड यांनी ते रंगद्रव्य हळूहळू बिघडत जातं. घरोघरची लग्नाची सीडी आधी दगा देते ती यामुळे. अशी असेल तर आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.)

राहिले ओरखडे. इथे मला जरा थांबायचंय, कारण तबकडीची खरी हुशारी इथे आहे.

सीडीवर माहिती एकाच सर्पिल रेघेत कोरलेली असते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही रेघ सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते, म्हणजे बर्डीहून महालात येऊन परत जावं तेवढी. डीव्हीडीत वेढे ०.७४ मायक्रॉनवर येतात, ब्लू-रेत ०.३२ वर, आणि ब्लू-रेची रेघ २७ किलोमीटरच्या आसपास जाते. कामठी ओलांडून पुढे. खळग्याची खोली साधारण प्रकाशलहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. त्यामुळे खळग्यातून परतणारी लहर सपाटीवरून परतणाऱ्या लहरीपेक्षा अर्ध्या लहरीनं मागे पडते आणि दोघी एकमेकींना खोडतात. परतणारा उजेड मंदावतो, पुन्हा वाढतो. पुष्कळांना वाटतं खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक. तसं नाही: खळग्याची कड लागली की एक, कड नसेल तिथे शून्य.

आता एवढ्या बारीक नक्षीवर आपला अंगठा, कूलरच्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि चिवड्याचं तेल. वाचलं कसं जातं? पहिली युक्ती भिंगाची. सीडीत लेझर वरच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर खोल गेल्यावर टोकदार होतो. वर पडलेला केस त्या रुंद झोताचा थोडासाच भाग अडवतो, चष्म्यावरच्या धुळीच्या कणासारखा. ब्लू-रेत माहिती जेमतेम ०.१ मिलिमीटर खोल असते, म्हणून तिला वरून कडक लेप द्यावा लागला.

दुसरी युक्ती गणिताची. समजा तुम्हाला दहा वाक्यं पाठवायची आहेत. एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं आणि चिठ्ठी हरवली, तर वाक्य गेलं. पण प्रत्येक वाक्याचे शब्द दहा चिठ्ठ्यांवर विखरून लिहिले, तर एक चिठ्ठी गेल्यावर प्रत्येक वाक्यातला एकेकच शब्द जातो. 'उद्या आठच्या ___नं अमरावतीला निघतो' यातली बस कोणीही भरेल. तबकडी अंदाज बांधत नाही, समीकरण सोडवते. अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीनं सीडीत दर २४ बाइटांमागे ८ बाइट राखणदार म्हणून बसवलेले असतात आणि सगळे लांबवर विखुरलेले असतात. रेघेचा सलग अडीच मिलिमीटर तुकडा नाहीसा झाला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

म्हणूनच तबकडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसलं आणि कापडात वाळूचा कण असला, तर ओरखडा रेघेच्या दिशेनं जातो आणि अडीच मिलिमीटरची सोय एका झटक्यात संपते. आडवा ओरखडा दिसायला भयंकर, पण रेघ तो क्षणात ओलांडते. सीडीच्या नाव लिहायच्या बाजूला मात्र जपा. चंदेरी थर तिथे वार्निशसारख्या पातळ लेपाखालीच असतो. बॉलपेननं नाव लिहिणं म्हणजे मागच्या दारानं चोर घेणं.

हद्दीबाहेर गेलं की तबकडी अडखळते, चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. पण सूर चढवणं तिला जमतच नाही. काकाजींच्या तक्रारीत तबकडी निर्दोष होती.

वेष्टन उलटं करून पाहिलं. बारीक अक्षरात 'पाल' (PAL, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) लिहिलेलं आणि लांबी ५० मिनिटं. प्लेअर ४८ दाखवत होता. दोन मिनिटं गेली कुठे?

माहितीपट मूळ फिल्मवरचा, आणि फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी धावते. आपल्याकडची विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवतो. फिल्म पाल डीव्हीडीवर आणताना सोपा रस्ता म्हणजे ती सरळ २५ नं पळवायची. चार टक्के वेग वाढतो. डोळ्याला कळत नाही. दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं लवकर संपला म्हणून कोण तक्रार करणार? पण आवाजही तेवढाच चढतो. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जायला कंपनसंख्या सहा टक्क्यांच्या जरा खाली वाढावी लागते. चार टक्के म्हणजे त्या वाटेचा पाऊण टप्पा. काळी एक सुटली आणि पांढरी दोन गाठली नाही. काकाजी 'मधात लटकले' म्हणाले ते अक्षरशः खरं होतं.

सगळ्या डीव्हीड्यांत हे होत नाही. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीत चित्रं कमी-जास्त वेळा दाखवून हिशेब जुळवतात, सूर शाबूत राहतो, फक्त वर सरकणारी श्रेयनामावली किंचित झटके देते. ब्लू-रे २४ चित्रं तशीच दाखवू शकते. आणि दूरदर्शनच्या ज्या मालिका मुळातच २५ च्या व्हिडिओ टेपवर झाल्या, त्यांना हा प्रश्नच नाही. त्यांचं दुखणं वेगळं: चित्राच्या ५७६ ओळी, त्याही एकाआड एक, दोन वेगळ्या क्षणी रंगवलेल्या. नव्या २१६० ओळींच्या टीव्हीवर त्या ताणल्या की नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. तो दोष ना टीव्हीचा, ना तबकडीचा.

तबकडी लॅपटॉपमध्ये घातली आणि प्लेबॅकचा वेग ०.९६ केला. सूर जागचा हलला नाही. मग लक्षात आलं, वेग बदलला तरी सूर तोच ठेवायचा एक पर्याय तिथे आधीपासून चालू होता. तो बंद केला. काकाजींनी भाता ओढला, काळी एक दाबली आणि डोळे मिटून तिथेच ठेवली.

"हां. आत्ता जाग्यावर आला बुवा."