दीडशे किलोंचा पेंग्विन

मुंबईच्या राणीच्या बागेत काचेमागे पोहणारे हंबोल्ट पेंग्विन चार-पाच किलोंचे असतात. आजच्या पेंग्विनांमध्ये सगळ्यांत थोराड म्हणजे एम्परर, तोही फार तर ४५ किलोंपर्यंत जातो. न्यूझीलंडच्या ओटागो भागात, किनाऱ्यावरच्या मोठाल्या दगडांमध्ये ज्याची हाडं मिळाली तो कुमिमानू फोर्डायसी मात्र दीडशे किलोंच्या घरातला होता. काळ सुमारे ५.७ कोटी वर्षांपूर्वीचा.

त्याचा अख्खा सांगाडा हाती आलेला नाही. वजनाचा अंदाज मुख्यतः पंखाच्या वरच्या हाडावरून बांधला आहे. आपल्या दंडात असतं तेच हे हाड. जीवाश्मांचे अभ्यासक डॅनियल सेप्का आणि सहकाऱ्यांनी आजच्या पेंग्विनांची शेकडो हाडं मोजून, हाडाचं माप आणि शरीराचं वजन यांचं नातं बसवलं. त्या हिशेबातून २०२३ साली हा आकडा पुढे आला.

पक्षी एवढा वाढू शकला, कारण त्याच्या पूर्वजांनी उडणं सोडलं होतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात वल्हवायला आखूड, ताठ पंख हवा. हवेत तरंगायला लांब-रुंद. दोन्ही साधू पाहणाऱ्याचे फार हाल होतात. उत्तरेकडच्या थंड समुद्रातला ब्रुनिखचा गिलेमॉट हा पक्षी जेमतेम किलोभराचा. पंखांनीच पोहतो आणि पंखांनीच उडतो. उडताना तो विश्रांतीच्या तुलनेत ३१ पट ऊर्जा खर्च करतो, असं २०१३ साली मोजण्यात आलं. यापेक्षा वजन वाढलं तर हवेत टिकणं अवघड. त्याचाच नातलग ग्रेट ऑक उडणं सोडून पाच किलोंपर्यंत पोचला होता. १८४४ साली आइसलँडजवळ माणसांनी त्याची शेवटची ज्ञात जोडी मारली. केवढं नुकसान!

हवेचं बंधन सुटलं की आकार वाढण्यात फायदाच असतो. रक्तात आणि स्नायूंत साठणारा ऑक्सिजन साधारण वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण त्याचा खर्च तेवढ्या वेगाने वाढत नाही. म्हणून मोठा पक्षी जास्त वेळ श्वास धरतो. थंड पाण्यात त्याची उष्णताही सावकाश जाते. एम्पररच्या बुड्या ५०० मीटरच्याही खाली जातात.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो यातला क्रम. पेंग्विन हळूहळू मोठे होत गेले, असं आपण सहज धरून चालतो. पण कुमिमानूच्या वल्ह्यासारख्या पंखात उडणाऱ्या पूर्वजांच्या खुणा अजून शिल्लक होत्या. पंख पुरता घडायच्या आतच शरीर अवाढव्य झालं होतं! ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात मोठे सागरी सरीसृप संपले होते आणि सील, देवमासे अजून यायचे होते. समुद्रात जागा मोकळी होती.

पुढे उत्तर पॅसिफिकमध्येही असंच घडलं. जपान आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांवर प्लोटोप्टेरिड नावाचे, न उडणारे, बुड्या मारणारे पक्षी होऊन गेले. काही दोन मीटर लांबीचे. दिसायला पेंग्विनसारखे, पण गोत्र आपल्या पाणकावळ्यांच्या जवळचं.

महाकाय पेंग्विन आणि प्लोटोप्टेरिड, दोघेही मायोसीन कालखंडात (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) नाहीसे झाले. काही शास्त्रज्ञ याचं कारण सील आणि दातांच्या देवमाशांशी झालेल्या स्पर्धेत शोधतात, तर काही त्यावर शंका घेतात. मला सीलची बाजू जास्त पटते. देवमाशाशी पक्ष्याची गाठ फक्त पाण्यात पडते. सीलशी मात्र किनाऱ्यावरही, कारण पिल्लं घालायला सीलला आणि अंडी घालायला पेंग्विनला जमिनीवरच यावं लागतं.